पोरांचा खेळ आणि बैलांचा घाट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी घातली. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, ब्लॉगचं दुकान बंद केलं का?" म्हटलं, दुकान चालू आहे, मालकच दुरुस्तीला गेला होता! असो.

आजचा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. सुरुवात अमेरिकेत झाली, पण विषय आपल्या जुन्नर-आंबेगावचाच आहे. तेव्हा "नाना पुन्हा अमेरिकेची टेप लावणार" म्हणून घरच्या मंडळींनी पळून जाऊ नये.

२०२४च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे ऑस्टिनला होतो. एप्रिल म्हणजे आमच्याकडे चैत्र, आणि चैत्र म्हणजे यात्रा. गावोगावी पालख्या, तमाशाचे तंबू, कुस्त्यांचे आखाडे आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे बैलगाडा. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात शर्यत म्हणजे सातारा-सांगलीकडच्यासारखी एकाशेजारी एक गाड्या पळवणं नव्हे. इथे प्रत्येक गाडा एकटा सुटतो. पुढे घोडी, मागे बैल आणि समोर चढाची धावपट्टी. तिलाच आम्ही घाट म्हणतो. लढत घड्याळाशी. एका गाड्याची एक बारी, ती काही सेकंदांत संपते आणि हार-जीत सेकंदाच्याही पोटातल्या पॉइंटांवर ठरते. त्या काही सेकंदांसाठी माणसं दिवसभर उन्हात बसतात. निवेदक माइकवर "भिर्रर्र" करून आरोळी ठोकतो तेव्हा माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. बैलांना इजा होऊ नये, काठी-चाबूक चालू नये, याबद्दल माझं दुमत नाही. नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण मी घाटाचा शौकीन आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तर त्या वर्षी यात्रा चुकली म्हणून मी जरा घुम्यासारखा बसलो होतो. मोबाइलवर कुणीतरी घाटाचे व्हिडिओ पाठवत होतं, ते बघून आणखीच जीव तुटत होता. शेवटी मुलगा म्हणाला, "नाना, चला, तुम्हाला इथला घाट दाखवतो."

त्याने नेलं ते टेक्सास विद्यापीठाच्या बेसबॉलच्या मैदानावर. डिश-फॉक फील्ड हे त्याचं नाव. विद्यापीठाच्या दोन जुन्या प्रशिक्षकांच्या आडनावांवरून ते ठेवलेलं आहे. मैदान १९७५ सालचं. हायवेला लागूनच आहे आणि साधारण सात हजार माणसं बसतील एवढ्या खुर्च्या आहेत. तिथे मोठ्या मैदानांवर आरपार दिसणारी पिशवी लागते, म्हणून आदल्या रात्रीच सौ.ची कापडी पिशवी बाद झाली. ती प्लास्टिकच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आता आपली म्हातारपणाची औषधं सगळ्या गावाला दिसणार." दिसली. कुणी बघितली नाहीत हा भाग वेगळा.

गंमत म्हणजे या विद्यापीठाच्या संघाचं नाव लाँगहॉर्न्स. म्हणजे लांब शिंगांची टेक्सासची गुरं! शिंगं अशी की दोन माणसांनी हात पसरावेत. त्यांच्या विद्यापीठाचं चिन्ह तेच, फुटबॉलच्या सामन्याला तर खराखुरा बैल मैदानाच्या कडेला आणून उभा करतात, आणि ही पद्धत १९१६ पासूनची आहे. लोकांचे शर्ट भाजक्या विटेच्या रंगाचे. तर्जनी आणि करंगळी वर, बाकीची बोटं मिटलेली, अशी हाताने शिंगं करून सगळे ओरडत होते. मी नातवाला म्हटलं, "अरे, हे तर आपलेच लोक निघाले!" मीही हाताची शिंगं केली. सौ.ने डोळे वटारले, पण तोवर तिचीही दोन बोटं वर गेलेली होती.

आता खेळाबद्दल. मला बेसबॉल ओ की ठो कळत नव्हता. दहा वर्षांच्या नातवाने समजावलं. एका बाजूला नऊ गडी. चेंडू टप्पा न पाडता थेट अंगावर येतो. टोलवला की चार तळांना वळसा घालून घरी परत यायचं, तेव्हा एक धाव. तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची, असे नऊ डाव. मी म्हटलं, नऊ गडी तर आपल्या जुन्या खो-खोतही असतात आणि डावही असतात. तो म्हणाला, "आजोबा, खो-खो म्हणजे काय?" मी त्याच्या बापाकडे बघितलं. बापाने चेंडूकडे बघितलं.

कॉलेजच्या खेळात बॅट धातूची असते, म्हणून टोल्याचा आवाज 'टण्ण' असा शाळेच्या घंटेसारखा येतो. तो आवाज आला की सगळं मैदान श्वास रोखतं. हे मला ओळखीचं होतं. घाटात गाडा सुटला की असंच होतं.

पण मी जास्त वेळ मैदान बघितलंच नाही. मी माणसं बघत होतो. मास्तरची सवय, वर्गात फळ्यापेक्षा बाकांकडे लक्ष जास्त! शनिवारची दुपार, चांगलं ऊन, आणि हजारो लोक कॉलेजातल्या पोरांचा खेळ बघायला आलेले. चाललेला सामना हंगामातल्या बऱ्याच सामन्यांपैकी एक, अंतिम वगैरे काही नाही. तरी लहान मुलं हातात चामड्याचा मोजा घालून आलेली, एखादा चेंडू आपल्याकडे येईल या आशेने. आजोबा-आजी टोप्या घालून आलेले.

माझ्या शेजारी एक बाई होत्या. वयाने माझ्याएवढ्या असाव्यात. मांडीवर छापील तक्ता, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूचा हिशेब लिहीत होत्या. मला राहवलं नाही, मुलाला विचारायला लावलं. त्यांनी हौसेने दाखवलं. गडी तीनदा चुकून बाद झाला की तक्त्यात इंग्रजी 'के' अक्षर काढायचं, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तेच 'के' उलटं काढायचं! मला हे फार आवडलं. प्रयत्न करून चुकला तो वेगळा आणि हात न हलवता चुकला तो वेगळा. आमच्या मार्कांच्या तक्त्यात अशी सोय असती तर किती बरं झालं असतं.

मी विचारलं, तुमचा नातू यात कोणता? त्या हसल्या. म्हणाल्या, यातलं माझं कुणी नाही. माझी मुलं कधी बेसबॉल खेळलीच नाहीत. मी या गावात राहते आणि ही आमच्या विद्यापीठाची पोरं आहेत, म्हणून येते.

एवढंच उत्तर. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं. पण ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

थोड्या वेळाने एका पोराच्या हातून सोपा झेल सुटला. पलीकडच्या संघाला धाव मिळाली. मला वाटलं, आता शिव्या पडणार. चार-दोन जण चुकचुकले. मग मागून कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. पोराने टोपी सारखी केली आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

तेव्हा मुलगा मैदानाकडे बघतच म्हणाला, "नाना, १९९२ ला आम्ही खो-खोची तालुक्याची फायनल खेळलो होतो. माझा खो चुकला आणि हरलो. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आठवणार कसं, मी गेलोच नव्हतो.

"तुम्ही सहामाहीचे पेपर तपासत होतात," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, अगदी सहज. म्हणूनच लागलं.

मंडळी, मी ३४ वर्षं मास्तरकी केली, काही वर्षं आंबेगाव तालुक्यात आणि बाकीची जुन्नर तालुक्यात. त्या रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला, की शाळेचा संघ खेळताना मी किती वेळा बघितला? दोनदा. त्यातही एकदा हेडमास्तरांनी पाठवलं म्हणून. एरवी क्रीडाशिक्षक दहा-बारा पोरं घेऊन सकाळच्या एसटीने जायचे, पोरं संध्याकाळी परत यायची. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर दोन ओळींत निकाल जाहीर व्हायचा, टाळ्या व्हायच्या आणि आम्ही वर्गावर जाऊन हजेरी घ्यायचो. पालकांचंही तेच. "खेळून काय पोट भरणार आहे?" हे वाक्य मी पालकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि, आता लिहायला लाज वाटते, स्वतःही म्हटलं आहे.

आणि त्याच १९९२च्या चैत्रात मी सात गावांच्या यात्रा केल्या होत्या! कुणाचा बैल कुठल्या घाटात किती सेकंदांत आला, हे मला आजही तोंडपाठ आहे. वर्गातल्या कुठल्या मुलीने तालुक्यात लांब उडी जिंकली होती, ते विचाराल तर रजिस्टर बघावं लागेल.

आमच्या भागातल्या लोकांना बघता येत नाही, असं कुणी म्हणू नये. बघण्यात आमचा हात धरणारा सापडायचा नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा गावोगावचे घाट ओस पडले. लोकांनी आंदोलनं केली, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा घातल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली तेव्हा फटाके वाजले, पेढे वाटले. १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम ठेवला तेव्हा पुन्हा गुलाल. साडेसात वर्षं एखाद्या गोष्टीसाठी भांडायचं म्हणजे त्या गोष्टीवर जीव लागतो. तो जीव आमच्याकडे आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला चतकोर तरी आपल्या पोरांच्या वाट्याला यावा.

यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप माझ्या पुतण्याचा. तो म्हणतो, "नाना, तिकडे तो धंदा आहे." खरं आहे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळात पैसा प्रचंड. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ते सगळं इकडे आणा, असं मी म्हणतच नाही. आपल्याला सात हजार खुर्च्यांचं मैदान नको. ते बांधायचं ठरलं तर आधी कमिटी नेमतील आणि माझ्या नातवाच्या नातवाला त्याचं उद्घाटन बघायला मिळेल. पण त्या पेन्सिलवाल्या बाईंना कुणी पैसे दिले नव्हते. उलट त्या तिकीट काढून आल्या होत्या.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या पोरांच्या खेळात बघण्यासारखं असतं काय? याचं उत्तर २०२५च्या जानेवारीत मिळालं. दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने मुलांचा आणि मुलींचा दोन्ही जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर अभिनंदनाचे इतके निरोप आले की फोन तापला. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एक तरी आंतरशालेय सामना उभं राहून बघितला असेल? मीही त्या न बघणाऱ्यांतलाच, म्हणून विचारायचा हक्क आहे.

बेसबॉलचंच एक उदाहरण नातवाने सांगितलं. २००८ साली अमेरिकेतून काही लोक भारतात वेगाने चेंडू फेकणारी पोरं शोधायला आले. त्यांना उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल सापडले. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉल त्यांना माहीतही नव्हता. पुढे पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने दोघांना करारबद्ध केलं. त्यावर नंतर सिनेमाही निघाला. आपल्या पोरांच्या दंडात काय आहे, हे बघायला साता समुद्रापलीकडून माणसं येतात आणि शेजारच्या आळीतला माणूस येत नाही, याला काय म्हणावं?

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा, वेळ नाही. शेतकऱ्याला डिसेंबरात कांद्याची लागवड असते, द्राक्षाच्या बागा असतात. हे मान्य. पण निवृत्त माणसांचं काय? नारायणगावच्या एसटी स्टँडवर सकाळी दहा वाजता चक्कर मारा. माझ्यासारखे किती मास्तर, तलाठी, बँकवाले पेपर उलटापालटा करत बसलेले असतात. आपल्याला वेळेशिवाय दुसरं आहे तरी काय?

परत आल्यावर मी ठरवलं, की आधी आपण करायचं, मग लोकांना सांगायचं. त्याच डिसेंबरात मुलींच्या खो-खोचे सामने आहेत असं कळलं, तशी टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन एसटीने गेलो. मैदान चांगलं होतं, चुन्याच्या पाट्या आखलेल्या, दोन्ही बाजूंना खांब. बघणारे किती? शिक्षक आणि पंच सोडले तर मी, शेंगदाणे विकणारा आणि मोटारसायकलवर रेललेले दोन तरुण. आणि खेळ काय होता म्हणून सांगू! एक मुलगी साखळीत अशी पळत होती की पाठलाग करणाऱ्या पोरी दमून गेल्या. शेवटी खांबाजवळ एकीने सूर मारून तिला टिपलं, तेव्हा मी एकटाच मोठ्याने "वाह!" म्हणून ओरडलो. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं.

सामना संपल्यावर ती सूर मारणारी मुलगी कोपराला माती लागलेली, पाणी प्यायला आमच्या बाजूला आली. म्हणाली, "आजोबा, तुमची नात कुठल्या टीममध्ये आहे?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही. नुसता बघायला आलोय."

तिला ते खरं वाटलं नाही. तिने मैत्रिणीला कोपराने ढोसलं. मग दोघी जाताना वळून म्हणाल्या, "आजोबा, दुपारी आमची फायनल आहे. थांबाल?"

थांबलो. शेवटची एसटी चुकली आणि घरी बोलणी खाल्ली. आता चार-पाच जणांना तयार केलं आहे. डोक्यात आणखी एक खूळ आहे. घाटात माइकवर बोलणारे आपले निवेदक एक-एक बारी अशी रंगवतात की मुडदा उठून बसेल. त्यातल्या एकाला गाठलं आणि विचारलं, "पोरींच्या खो-खोला बोलशील का? बिदागी मिळणार नाही, चहा मिळेल." तो आधी हसला. मग म्हणाला, "गुरुजी, बैलांची नावं पाठ आहेत, पोरींची नावं लिहून द्या."

ती यादी करायचं काम आता माझ्याकडे आहे. शाळांना पत्रं लिहिली आहेत, काहींची उत्तरं आली आहेत. तेव्हा आमच्या भागातल्या वाचकांना आणि पुण्या-मुंबईच्या भाच्या-पुतण्यांना एवढंच सांगणं, की पुढचे सामने कधी ते कळलं की इथेच टाकीन. तुमचं कुणी खेळत नसलं तरी या.

मुलाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाना, उन्हात बसू नका, डोळ्याचं ऑपरेशन झालंय." आणि फोन ठेवता ठेवता, "कोण जिंकलं ते कळवा."